कॅल्शियम, रात्री एक

बेंगळुरूत सायनस नसलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात अकरा टेबलं आहेत आणि अकराही टेबलांच्या खणात वाफेच्या कॅप्सूल, नाकात मारायचा फवारा नाहीतर निलगिरीची बाटली सापडते. जानेवारीत रस्त्याकडेची झाडं गुलाबी झाली की बाहेरून आलेले लोक त्यांचे फोटो काढतात आणि इथले लोक शिंकायला लागतात. त्यामुळे मागच्या जानेवारीत माझ्या धाकट्या भावाचं नाक चोंदलं, ही काही घरात सांगण्यासारखी बातमी नव्हती.

तरी मी वहीत लिहिलं. उजवं नाक बंद, डावं ठीक. वाफ दोन वेळा, मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, पाच दिवस पाहणे. लिहिल्याशिवाय मला काम झाल्यासारखं वाटत नाही. कॉलेजात परीक्षा विभाग माझ्याकडे आहे. कोण कुठल्या खोलीत, कुठल्या बाकावर बसणार हे मी ठरवते आणि गेल्या कित्येक वर्षांत एकही मूल परीक्षेच्या सकाळी बाकाविना उभं राहिलेलं नाही. घरही मी तसंच चालवते. आम्ही तिघं, आई, भाऊ आणि मी, राजाजीनगरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. मूळचे बेळगावचे. वडील गेल्यावर माझ्या नोकरीमागे घर इकडे आलं. माझं लग्न झालं नाही, त्याचंही नाही, आणि याबद्दल बोलायचं आईनं केव्हाच सोडून दिलंय.

भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, चव्वेचाळीसचा. शिवाजीनगरात एका वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या सीटा शिवतो. रेग्झीन, चामडं, फोम, वास येणारा पिवळा गोंद. त्याची शिलाई इतकी सरळ असते की नव्या गाड्यांची गिऱ्हाइकंसुद्धा कंपनीच्या सीटा काढून त्याच्याकडून शिवून घेतात. नाकाचं कारण त्या गोंदात सगळ्यांना सापडलं. मालकांना तो चाचा म्हणतो. त्यांनी त्याच्या तोंडावर कापडी मास्क बांधला, शेजारच्या अक्कांनी हळदीचं दूध सांगितलं, आणि माझ्या ऑफिसातल्या एकीनं तिच्या डॉक्टरांचा नंबर दिला. सगळ्यांनाच सायनस होता, त्यामुळे सगळ्यांनाच त्यातलं कळत होतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्यातल्या कुणाला माहीत नव्हती. निदान माझी तशी समजूत होती. माझा भाऊ नऊ वर्षांपासून एचआयव्हीच्या गोळ्या घेतो.

ते टीबीच्या वेळी कळलं. खोकला, ताप, वजन उतरलं, मग सरकारी दवाखान्यात एकामागून एक तपासण्या. कसं झालं हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायच्या गोष्टी मी कागदावर मांडल्या होत्या, त्यात तो प्रश्न होता, मग मी तो खोडला. टीबी बरा झाला. एचआयव्हीच्या सरकारी सेंटरमधून गोळ्या मिळायला लागल्या, दिवसाला एक, आणि त्याने ती एक दिवसही चुकवली नाही. सेंटरच्या बाई त्याचं उदाहरण दुसऱ्यांना देतात. त्या दर वेळी त्याला एकच बजावायच्या. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर हे उपचारांचं पुस्तक दाखवा.

एकदा आम्ही दाखवलं. दुसऱ्या वर्षी त्याची दाढ सुजली होती. दाताच्या दवाखान्यात फॉर्म भरायला दिला, त्यात इतर आजारांचा रकाना होता. मी तो ठळक अक्षरांत भरला, कारण फॉर्म भरण्यासाठीच असतो. काउंटरवरची मुलगी फॉर्म आत घेऊन गेली. त्यानंतर आमच्यामागून आलेले चार जण आत जाऊन बाहेर आले. मग ती येऊन म्हणाली की मशीन बिघडलंय, तुम्ही दुसरीकडे बघा. दाराच्या आत ते मशीन घरघरत होतं. बसमध्ये भाऊ गाल धरून बसला होता. मल्लेश्वरम गेल्यावर म्हणाला, "काय वेळेवर बिघडलं बघ की अक्का. मी आत जायच्या आधीच."

कायदा आमच्या बाजूनं आहे हे मला ठाऊक होतं. पण दाढ दुखत होती त्याची, कायद्याची नव्हे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात तोच रकाना मी मोकळा सोडला आणि दहा मिनिटांत दाढ निघाली. त्या संध्याकाळी मी दोन फायली केल्या. एक सेंटरची, ती माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली. दुसरी बाकी सगळ्या डॉक्टरांसाठी. दुसऱ्या फायलीत टीबीसुद्धा नव्हता, कारण टीबी लिहिला की पुढचा प्रश्न येतोच. सगळ्यात वर मी स्वतः टाइप केलेला कागद. नाव, वय, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं.

चालू औषधांत काहीतरी लिहिणं भाग होतं. माणूस रोज रात्री पांढरी लांबट गोळी घेताना दिसतो. घरात आईला आम्ही ती गोळी कॅल्शियमची म्हणून सांगितली होती. टीबीनं हाडं कमजोर होतात, असं. सेंटरच्या डबीवरचा कागद मी गरम पाण्यात भिजवून काढायची आणि त्या जागी माझ्या अक्षरातली चिठ्ठी लावायची. आईची स्वतःची खरी कॅल्शियमची डबी शेजारीच असे. एकदा तिच्या गोळ्या संपल्या तेव्हा ती त्याला म्हणाली, "तुझ्यातली एक दे की रे, कॅल्शियम ते कॅल्शियम." तो माझ्याकडे बघत राहिला. मी सांगितलं की त्याची पुरुषांसाठीची वेगळी असते. आईनं ते मानलं. मी त्याच्या डबीला लाल रबर लावला आणि तो प्रश्न मिटला असं धरलं. फायलीतही मग तेच लिहिलं. कॅल्शियम, रात्री एक.

फेब्रुवारीत नाकातून रक्त यायला लागलं. फार नाही, सकाळी रुमालावर ठिपके. मी त्याला घराजवळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. मध्यमवयीन, शांत गृहस्थ, पण बाहेर तीस माणसं. त्यांनी माझा टाइप केलेला कागद वाचला आणि खूश झाले. म्हणाले, सगळे पेशंट असे आले तर माझं आयुष्य वाढेल. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

मग त्यांनी भावाकडे वळून विचारलं. शुगर? बीपी? आणखी काही आजार? भावाने तोंड उघडलं. मला अजून दिसतं, त्याने श्वास घेतला होता, बोलायच्या आधी घेतात तसा. मी म्हणाले, "नाही. काही नाही." त्याने तोंड मिटलं.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. देता आला असता तर बरं झालं असतं. धूळ आणि गोंदाच्या वासात काम करणारा, एरवी तब्येतीनं धड असलेला माणूस त्यांच्यासमोर होता. त्यांनी अँटिबायोटिक दिलं, मग दुसरं दिलं. एक्स-रेमध्ये उजवी बाजू भरलेली दिसली. गालावर सूज आली तेव्हा नाकातला कोंब असेल, आधी औषधानं बसतो का बघू, म्हणाले, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या. तीन आठवडे, उतरत्या क्रमानं. सकाळी आठ, मग सहा, मग चार. मी फ्रिजवर तक्ता लावला.

चौथ्या दिवशी सूज उतरली. आठव्या दिवशी नाक मोकळं झालं. होळीला आईनं पुरण शिजवलं तर हा बाहेरच्या खोलीतून ओरडून म्हणाला की जायफळ जास्त झालंय. दोन महिन्यांनी त्याला वास आला होता. आईनं डोळे पुसले, मी तक्त्यावर खूण केली. त्याच महिन्यात तो सेंटरला गेला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काही तक्रार? हा म्हणाला, सायनस होतं, बरं झालं. ते म्हणाले, नाकाच्या डॉक्टरांना आपलं पुस्तक दाखवलंत ना? घरी येऊन त्याने मला ते जसंच्या तसं सांगितलं. म्हणाला, "अक्का, दाखवूया का एकदा? स्वल्प विचारून बघू, काय म्हणतात ते." मी भाजी निवडत होते. म्हटलं, आता बरं होतंय तर कशाला. पुन्हा मशीन बिघडायचं.

आमचं घर असंच बोलतं, मराठीत कन्नडातलं स्वल्प, सरी, सगळं मिसळून. त्याने सरी, म्हणजे बरं, म्हटलं आणि उठून गेला.

स्टेरॉइडच्या गोळ्या थांबल्या आणि नऊ दिवसांत सगळं परत आलं, आधीपेक्षा जोरात. उजव्या बाजूचे वरचे दात बधिर झाले. ब्रश लागतो ते कळत नाही, म्हणायचा. मी डॉक्टरांची पुढची वेळ घेतली, आठ दिवसांनंतरची. त्या आठ दिवसांत चाचांचा मला ऑफिसात फोन आला. ते मला कधी फोन करत नाहीत. एका गिऱ्हाइकाने सीट परत आणून टाकली होती. शिलाई वाकडी. एकच टाका दोनदा मारलेला, सुतावर सूत, हातभर लांब. चाचा म्हणाले, "अक्का, इसकू क्या दिखरा नै मालूम. सुई एक है, ये दो बोलरा. इसकू बडे दवाखाने लेको जाव. आज इच."

मी वर्कशॉपवर गेले तर तो उजव्या डोळ्यावर हात ठेवून फोम कापत होता. हात काढायला लावला. डोळा पुढे आल्यासारखा दिसत होता. फार नाही. पण मी त्याला लहानपणापासून बघतेय.

मोठ्या हॉस्पिटलला जाताना मी काय केलं, हे सांगायलाच हवं. त्याच फायलीतल्या त्याच कागदावरची तारीख बदलली आणि नवा प्रिंट काढला. मला घाई होती, पण घाईमुळे झालं असं म्हणणार नाही. चालू औषधांपाशी माझी बोटं थांबली होती. मग मी प्रिंट दिला.

तिथल्या डॉक्टर बाई माझ्याहून लहान होत्या. कन्नड बोलायच्या, भरभर. त्यांनी कागद बाजूला ठेवून आधी त्याचा डोळा पाहिला, मग नाकात बारीक दुर्बीण घालून बराच वेळ पाहिलं, मग गालावर दोन्ही बाजूंनी कापूस फिरवून कुठे कळतं ते विचारलं. खुर्चीत बसून म्हणाल्या की मला हे साधं सायनस वाटत नाही, आतला तुकडा काढून तपासायला पाठवायचाय. त्याआधी सांगा, आणखी काही आजार, आणखी काही औषध?

मी म्हणाले, "कागदात आहे सगळं."

भाऊ म्हणाला, "नाही मॅडम. कागदात नाही ते."

आणि त्याने सांगितलं. कन्नडात, सावकाश. किती वर्षं झाली, कुठल्या सेंटरला जातो, कुठली गोळी, शेवटच्या तपासणीत काय आलं, आधी झालेला टीबी. त्याला सगळं पाठ होतं, आकड्यांसकट. नऊ वर्षं त्याची फाइल मी सांभाळतेय असं समजत होते.

डॉक्टर बाईंनी लिहून घेतलं. त्यांचा हात कुठे थांबला नाही. उठून त्यांनी दार लावलं नाही की कुणाला बोलावलं नाही. मी त्यांच्या हातमोज्यांकडे बघत होते, आता दुसरी जोडी चढवतात का ते. त्या म्हणाल्या, सांगितलंत ते बरं झालं, आणि पुढचा प्रश्न विचारला. ज्या अर्ध्या मिनिटाच्या भीतीनं मी दोन फायली चालवल्या ते अर्धं मिनिट असं गेलं.

मग त्यांनी माझा कागद पुन्हा हातात घेतला. "कॅल्शियम हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

त्या रागावल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्यांनी फक्त समजावून सांगितलं. एचआयव्ही असलेल्यांमध्ये, गोळ्या नियमित असल्या तरी, लिम्फोमा नावाचा कॅन्सर इतरांपेक्षा जास्त होतो, आणि तो कधी कधी नाकामागच्या पोकळ्यांतच सुरू होतो. दिसतो सायनससारखा. एकाच बाजूचं नाक, रक्त, बधिर गाल, मग डोळा. स्टेरॉइडनं तो काही दिवस विरघळल्यासारखा होतो, माणसाला बरं वाटतं, आणि तो परत येतो. मी विचारलं, आधी सांगितलं असतं तर? त्या म्हणाल्या, "कुणी सांगितलं असतं तर नाकाच्या डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात तुकडा काढला असता. त्या गोळ्या आधी दिल्या नसत्या."

"डोळा वाचला असता?"

"ते मला सांगता येणार नाही."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. हो म्हणाल्या असत्या तर मी ते घेऊन जगले असते, नाही म्हणाल्या असत्या तरीही. ज्याचं उत्तर येणार नाही अशी ओळ मला कुठे लिहायची कळत नाही.

परत आम्ही ऑटोनं निघालो. ट्रॅफिक होतं, डबलरोडवरचा सिग्नल सुटायला तयार नव्हता. मी पुढच्या कामांचं बोलायला लागले, रजा कशी टाकायची, आईला काय सांगायचं. तो म्हणाला, "तो दाताचा डॉक्टर आठवतो अक्का? त्यानं निदान मला हाकललं. मला. तू तर माझ्याकडे न बघताच उत्तर दिलंस."

मी म्हणाले, "तुझ्यासाठीच केलं."

"ते माहीत आहे की," तो म्हणाला. "म्हणून तर गप्प बसलो."

ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं. 

अकरा दिवसांनी अहवाल आला. लिम्फोमाच होता. केमोचे सहा डोस, दर तीन आठवड्यांनी एक, सोबत सेंटरची गोळी चालूच. डॉक्टर बाईंनी सेंटरच्या डॉक्टरांना त्याच्यासमोर फोन केला, आणि दोघं दोन मिनिटं बोलले. दोन मिनिटं. मी घड्याळात बघत होते.

आईला फक्त कॅन्सर सांगायचं असं मी ठरवलं. तिचं वय, तिचा रक्तदाब, बेळगावला फोनवर दिवसातून चारदा बोलायची तिची सवय. भावाने ऐकून घेतलं. मी ऑफिसात गेल्यावर त्याने तिला सगळं सांगून टाकलं. संध्याकाळी आले तेव्हा आई जपमाळ घेऊन बसली होती आणि माझ्याशी बोलली नाही. त्याच्याशी बोलत होती. त्याला मऊ भात कालवून देत होती.

पण तिसऱ्या दिवशी मी पाहिलं की त्याचा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर गेलाय. त्याने तो उचलून परत आमच्या दोरीवर टाकला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खिळ्यावर. त्यानेही पुन्हा दोरीवर टाकला. आठवडाभर टॉवेल असा इकडून तिकडे जात होता आणि दोघं एका शब्दानं बोलत नव्हते. केमो सुरू झाल्यावर हॉस्पिटलवाल्यांनीच सांगितलं की त्याला जंतूंचा धोका आहे, त्याच्या वस्तू वेगळ्या ठेवा. मग टॉवेल खिळ्यावरच राहिला. आईनं तो आता कशासाठी ठेवलाय ते मी विचारलेलं नाही. आपली भीती अगदीच खोटी नव्हती, असं मला तेव्हा एकदा वाटून गेलं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सांगून मिळवणार काय होते?

पहिल्या डॉक्टरांकडेही मी एकदा गेले. अहवालाची प्रत दिली आणि कागदात मी काय लपवलं होतं ते सांगितलं. बाहेर तेवढीच गर्दी होती. त्यांनी चष्मा काढला, अहवाल वाचला, आणि म्हणाले की एकाच बाजूचं होतं, मीसुद्धा आधीच दुर्बीण घालायला हवी होती. मला दिलासा द्यायला म्हणाले असतील. मी नाही घेतला. नंतर म्हणाले, "तुमचा तो कागद मी नाव झाकून बोर्डावर लावला होता, इतरांना दाखवायचो. असा लिहा म्हणून." त्यांनी तो बोर्डावरून काढला की नाही ते मी पाहिलं नाही. पाठीमागे न बघता जिना उतरले.

चार डोसांनंतर स्कॅन झालं. नाकामागची गाठ जवळजवळ गेली होती, डोळ्यापाशी थोडी शिल्लक. डोळा आत गेला, पण नजर जुळली नाही. समोर धरलेलं बोट त्याला अजून दोन दिसतं. वर्कशॉपवर तो बरं वाटेल त्या दिवशी जातो, एका डोळ्यावर पट्टी बांधून माप घेतो, खडूनं रेघा मारतो. शिवायला चाचांनी दुसरा कारागीर ठेवला आहे. भाऊ म्हणतो, त्याची शिलाई दुकानात चालते, गाडीत नाही. हसत म्हणतो. मी हसत नाही.

डोसच्या दिवशी मी सोबत जाते. रजा माझीच, पिशवी माझीच, पाणी, सुकी बिस्किटं, शाल. पण खोलीत मी जात नाही. पहिल्या डोसला नर्स त्याची माहिती लिहून घेत होती आणि मी सवयीनं दारात उभी राहिले, तेव्हा तो तिला म्हणाला, अक्का बाहेर बसेल. साध्या आवाजात. नर्स म्हणाली, "कूतकोळ्ळी अम्मा," म्हणजे बसा, आणि बाकाकडे हात केला. तेव्हापासून मी त्या बाकावर बसते. समोर काच आहे, तिच्यातून त्याचे पाय दिसतात.

पाचव्या डोसला, अकराच्या सुमारास, त्याचे पाय थरथरायला लागले. मला आधी वाटलं तो पाय हलवतोय. मग दोन नर्सा धावल्या आणि पडदा ओढला गेला. थोड्या वेळानं एक जण कागद घेऊन बाहेर आली. थंडी वाजून ताप चढलाय, सलाईन थांबवलंय, ॲडमिट करावं लागेल, सही हवी. मी उभी राहिले. म्हटलं, मी बहीण. तिने कागदावर बोट फिरवलं. आणखी एकदा फिरवलं.

"तुमचं नाव नाही इथे, अम्मा. दुसऱ्या कुणाचं तरी आहे. शिवाजीनगरचा नंबर आहे."

मी म्हणाले की मी सख्खी बहीण आहे, एका घरात राहतो, सगळे कागद माझ्याकडे आहेत. ती वाईट मुलगी नव्हती. म्हणाली, पेशंटनं स्वतः लिहून दिलंय, यांनाच विचारा म्हणून. ती फोन करायला काउंटरवर गेली.

चाचा चाळीस मिनिटांत आले. शर्टावर फोमचा भुगा, खिशात खडू. मला बघून थांबले, डोक्याला हात लावला. मी त्यांना झालेलं सांगायला लागले आणि मध्येच अडखळले, कारण कुठपर्यंत सांगायचं ते मला ठरवता येईना. त्यांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, "बोलो अक्का, मेरेकू सब मालूम है. नौ साल हुए. टीबी हुआ तबीच बोल दिया था उसने."

नऊ वर्षं मी या माणसाला कारणं देत आले होते. सेंटरच्या दिवशी बँकेचं काम, आईचं औषध, बेळगावचे पाहुणे. एकच कारण दोनदा देऊ नये म्हणून मी ती लिहून ठेवत असे. ते प्रत्येक वेळी म्हणत, कोई बात नै अक्का, आणि त्या दिवशी त्याचं काम स्वतः करत.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम इत्ती मेहनत से बोलते थे," ते म्हणाले, आणि आत गेले.

नर्सनं त्यांच्यामागे दार लावलं. काचेतून मला त्यांचे जोडे दिसत होते, भावाच्या पलंगाजवळ. मग डॉक्टर बाईंच्या चपला आल्या. बराच वेळ तिघं बोलत होते. दोनच्या पुढे चाचा बाहेर आले. ताप उतरतोय, दोन दिवस ठेवतील, सहावा डोस आठवडाभर पुढे ढकलणार, हे त्यांनी मला नीट क्रमानं सांगितलं. डॉक्टरांनी काय काय विचारलं ते मी विचारलं. म्हणाले, जो पूछे सो बता दिया.

मग मला पाच मिनिटं आत सोडलं. तो शालीखाली होता, ओठ सुकलेले, डाव्या डोळ्यानं माझ्याकडे बघत. मी पाणी दिलं. कपाळाला हात लावला, तो त्याने लावू दिला. आईला काय सांगू विचारलं. म्हणाला, जे झालंय ते.

मी खुर्ची ओढायला लागले तर म्हणाला, "तू ऑफिसला जा की अक्का. चाचा हायत."

बाहेर चाचांनी माझ्यासाठी बाकावर जागा केली होती. मी शाल, बिस्किटं आणि पाण्याची बाटली त्यांच्याकडे दिली, बिस्किटं कधी द्यायची ते सांगितलं, आणि ऑफिसला गेले.